हाताने बोलणारा कॅप्टन

आमचे हे म्हणजे मुलखाचे मुखदुर्बळ. भाजीत मीठ कमी पडलं तर तोंडाने सांगणार नाहीत, मिठाची बरणी हळूच माझ्याकडे सरकवतील. गाडी मी चालवत असले, की शेजारून यांचा एक हात स्टिअरिंगवर आहेच. मी चिडायचे, पण हात काही हटायचा नाही.

विमानातही तीच तऱ्हा. कॅप्टन म्हणून दरारा शून्य, पण हाताखालच्या वैमानिकांना हे जीव की प्राण. जुन्या विमानात दोघा वैमानिकांपुढची, स्टिअरिंगसारखी चाकं आतून जोडलेली असायची. शेजारच्याने किती ओढलं ते यांच्या हाताला कळायचं. तो चुकतोय असं वाटलं, की हे आपल्या बाजूने बोटभर जोर द्यायचे. त्याला बरोबर समजायचं. चारचौघांत अपमान नाही, काही नाही.

मग कंपनीने नवी विमानं आणली. चाक गेलं, दोघांच्या बाजूला एकेक छोटी दांडी आली. दांडी हलवली की संगणकाला निरोप जातो. हाताला लागते ती नुसती आतली स्प्रिंग. एक दांडी हलली तरी दुसरी ढिम्म! आणि दोघांनी एकदम ओढलं, तर यंत्र दोन्हींची बेरीज करतं. म्हणून नियम असा, की विमान आपल्याकडे घ्यायचं तर बटण दाबून मोठ्याने म्हणायचं, "मी घेतलं." सोपवायचं असेल तर, "तू घे."

झालं! म्हणजे नेमकं तोंडच उघडायचं.

सिम्युलेटरवरच्या परीक्षेत हे आपटले. उतरताना शेजारी बसलेल्या वैमानिक मुलीने विमानाचं नाक उचलायला जरा उशीर केला. यांनी सवयीने, न बोलता, थोडं ओढलं. तेवढ्यात तिनेही ओढलं. नाक इतकं वर गेलं की शेपटी धावपट्टीला घासली. परीक्षक म्हणाले, "कॅप्टन, अजून एक संधी. मग मात्र उडणं बंद."

उडणं बंद म्हणजे या माणसाचं उरणार काय? मी कंबर कसली. जेवणाच्या टेबलाशी खुर्च्या मांडल्या, दांडी म्हणून दोघांच्या हातात आमटीचा एकेक डाव.

"अहो, मी चुकतेय. म्हणा, मी घेतलं!"

"अगं, पण समोरच्याला किती लागेल ते."

"लागू दे! म्हणा आधी."

म्हणायचे, पण शेजारणीकडे उसनी साखर मागावी इतक्या हळू.

परीक्षेला मी हट्टाने सोबत गेले. हे बाहेर आले, मागून ती मुलगी डोळे पुसत. "काकू, सर या वेळीही काहीच बोलले नाहीत हो. तेही ओढतायत हे मला कळलंच नाही." तिच्या पाठीवर मी हात ठेवला. यांचा मात्र असा राग आला! जन्मभर कुणाला दुखावलं नाही, त्याचं हे बक्षीस. मेल्या त्या यंत्राला माया कुठली कळायला!

गाडीपाशी यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"तू घे," म्हणाले. इतकं खणखणीत, की पलीकडचा वॉचमन वळून बघायला लागला. अहो, असंच आत बोलला असतात तर!

रस्ताभर यांचे दोन्ही हात मांडीवर होते. एका वळणावर मी मुद्दाम गाडी कडेला जाऊ दिली, पार चाक दगडाला घासेपर्यंत.

यांचा हात आला नाही.