माणूस पाठवतो

मानोऱ्याचा लाईनमन धनराज म्हणजे एकदम गोडबोल्या माणूस. बाहेरच्यांसाठी, बरं का! हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत डीपीचा ट्रान्सफॉर्मर जळाला की गावोगावचे लोक फोनवरून त्याच्या खानदानाचा उद्धार करतात, वरून साहेब झापतो, आणि हा आपला "हो भाऊ, हो साहेब" करत सगळं गिळतो. मग घरी येऊन ते सगळं ओकतो सात वर्षांच्या वैभवीवर. बायको वारल्यापासून ऐकून घ्यायला दुसरं आहेच कोण? वेणी वाकडी काहून, वरण सांडलं काहून, एवढ्याशा पोरीची रोज उलटतपासणी! वरून आणखी, "मी हे कोनासाठी करून राह्यलो?"

त्या दिवशी पोर तापानं फणफणली होती. "पडून राह्य, नाटकं करू नको," असं सुनावून महाराज कामावर गेले. दुपारी शेजारच्या तुळसाबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि बापाला फोन लावायला आपला फोन पोरीच्या हाती दिला. आता शेजारणीचा नंबर जपून ठेवायची अक्कल या बापाला कुठली! खांबावर, वाऱ्यात, फोन खांद्याशी दाबून त्यानं बसका आवाज ऐकला तो एवढाच, "लवकर या ना, लय तरास होऊन राह्यला."

"हो ताई, माणूस पाठवतो," धनराज मधाळ बोलला. "काळजी करू नका. थोडा धीर धरा."

पोरीचा चेहरा काय खुलला म्हणता! "बाबा मले ताई म्हनले!" तुळसाबाई दवाखान्यात चल म्हणत राहिल्या, पण ही हलायला तयार नाही. बाबा माणूस पाठवणार आहेत म्हणून चादर गुंडाळून दारातच बसली.

संध्याकाळी धनराज आला आणि पोर दवाखान्यात गेलीच नाही हे तुळसाबाईंकडून कळताच भडकला. "दवाखान्यात गेली काहून नाही? अक्कल आहे का तुले?"

"तिले काय बोलतं?" तुळसाबाई कडाडल्या. "दुपारी माह्या फोनवरून तिनंच फोन केला होता. मानूस पाठोतो म्हनला ना तू? त्याचीच वाट पाहून राह्यलं लेकरू!"

तेव्हा कुठे गड्याची ट्यूब पेटली. लाज वाटली, चांगलीच वाटली, आणि वाटायलाच पाहिजे होती. त्यानं पोरीला उचललं. अंग नुसतं भाजत होतं.

वैभवी त्याच्या कानाशी लागली. "बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमी माह्यासंग फोनवरच बोलत जा ना."