फिल्टरला कल्हई

आमच्या घरी कॉफी पितात कमी आणि चावतात जास्त. याला जबाबदार मी.

बायको सुमन धारवाडची. लग्नात तिच्या आईने पितळेचा फिल्टर दिला होता. वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक भोकं, त्यातून कॉफी खालच्या भांड्यात थेंब थेंब उतरायची. आमचं सारं कोल्हार गाव चहावालं, मीही. सकाळी ती टपटप ऐकत सुमन ओट्याशी उभी असायची, तेवढा वेळ ती धारवाडात असायची.

एका साली ती बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेली. फिल्टर मात्र ठेवून गेली. "माझं तिथं आईच्या फिल्टरवर भागेल," म्हणाली.

चार दिवसांत घर इतकं मुकं झालं, की मी स्वतःच कॉफी करू लागलो. (पिण्यासाठी नव्हे, वासासाठी.) पण थेंब अडखळू लागले. भोकांत गाळ बसला होता. ठरवलं, ती यायच्या आत फिल्टर लख्ख करायचा.

"सोड्यात उकळा की, भाऊ," शेजारच्या काशीबाई म्हणाल्या.

"पोटात जाणाऱ्या वस्तूला औषधं नकोत." मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर कामाला. काट्यावर जसं वरून काही घातलेलं चालत नाही, तसंच घरात. चिंच, मीठ, राख आणि नारळाची शेंडी घेऊन बसलो. आत एक करडा थर होता. वर्षांचा मळ समजून तोही खरवडला. फिल्टर सोन्यासारखा झाला. काशीबाईंना दाखवला.

"लई चकाकतंय. पर आतली कल्हई कुटं गेली?"

"कसली कल्हई?"

"घासली व्हय समदी? आता कॉफी कळकंल की ह्यात."

बाजारात कल्हईवाल्याकडे फिल्टर टाकला आणि भाजी घ्यायला गेलो. परतलो तर फिल्टर भट्टीवर, नवसागराच्या धुरात. (सोडा नको म्हणणारा मी खोकत उभा.) घरी येऊन वरच्या भांड्यात पाणी ओतलं. ते तिथंच राहिलं. पुन्हा बाजार गाठला.

"यातून थेंब गळत नाही!"

"मग तक्रार काय, साहेब? चाळण झाल्ती बुडाची. समदी भोकं बुजवली. वर जादा पैसं बी घेतलं न्हाईत."

घरी टाचणी वाकली, सुई मोडली. शेवटी खिळा आणि हातोडी. कंपासने आखून भोकं पाडली. रांगा अगदी सरळ. फक्त प्रत्येक भोकातून ज्वारीचा दाणा गेला असता.

सुमन आली. दुसऱ्या सकाळी तिने पूड घातली, उकळतं पाणी ओतलं आणि कान देऊन उभी राहिली. टपटप झालीच नाही. पुडीसकट सगळं एकदम भसकन खाली आलं. तिने वरचं भांडं उजेडाला धरलं. माझ्या सरळ रांगा तिच्या चेहऱ्यावर पडल्या.

मी सगळं सांगितलं. चिंचेपासून खिळ्यापर्यंत.

"पण तुम्ही कॉफी कशाला करत होता? तुम्ही तर चहावाले."

"वासाला."

"कॉफीच्या?"

मी खिडकीबाहेर पाहिलं.  तिने दोन कप भरले, एक माझ्यापुढे ठेवला आणि आम्ही दोघं बराच वेळ चावत बसलो.

फिल्टर तोच आहे. नवा आणू म्हटलं तर नको म्हणते. फक्त हल्ली माहेरी जाताना तो सोबत नेते. मला मात्र घरीच ठेवून जाते.