कोपरा फाटलेलं पाकीट

अठ्ठेचाळीस सालचा वैशाख. कळंबला आमच्या घरी धाकट्या बहिणीच्या, यमूच्या लग्नाची गडबड... आणि मी ओटीवर बसून घरातल्या एकेकाकडे संशयाने बघत होतो.

मुंबईत रसायनशास्त्राची डॉक्टरेट मिळाली होती, पुढच्या संशोधनाला परदेशी जायचं होतं. तेव्हा जाहिराती वगैरे कुठल्या... प्रोफेसरांचे निबंध वाचायचे, त्यावरचा पत्ता उतरवून घ्यायचा आणि पत्र टाकायचं. मी सोळा टाकली. हॉस्टेल सोडलेलं, म्हणून पत्ता गावाचा दिला.

उत्तर एकही नाही. आणि त्या सोमवारी मुंबईहून माझ्या सरांचं कार्ड आलं. इंग्लंडचे एक प्रोफेसर त्यांना विचारत होते, तुमचा विद्यार्थी आमच्या पत्राला उत्तर का देत नाही? महिनाअखेर जागा दुसऱ्याला जाणार होती.

म्हणजे पत्र आलं होतं. मधेच कुणीतरी ते दाबून ठेवलं होतं.

पहिला संशय आबांवर. परदेशाचं नाव काढलं की वडील भरल्या ताटावरून उठायचे. त्यांच्या माघारी मी त्यांची ट्रंक उघडली... शेताचे कागद आणि जुनी पंचांगं. मग काकांच्या कोटाचे खिसे चाचपले. मी गेलो तर शेतीला एक माणूस कमी होणार, असा माझा हिशेब. आज लाज वाटते.

उरला पोस्टमन. त्याला वाटेत गाठून जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"मंग काय मी ठेवलंय व्हय? शिमग्याच्या आदीच दिलंय, तुमच्या आयच्या हातात."

आईचं नाव माझ्या यादीतच नव्हतं. तिला अक्षरओळख नव्हती, ती पत्राचं काय करणार...

ती मागच्या दारी तांदूळ पाखडत होती. विचारल्यावर तिने सूप खाली ठेवलं आणि गोठ्याकडे बघितलं.

"लगीन झाल्यावर देनार व्हते रं. त्याचा कोपरा फाटलेला हाय."

आमच्याकडे कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर. ते उंबऱ्याच्या आत घेत नाहीत. माझं पाकीट बोटीच्या प्रवासात फाटलं होतं, एवढंच.

"तुजा तिकडचा मास्तर गेला आसंल, आसं वाटलं. लगनाच्या घरात तुला कसं सांगू?"

गव्हाणीवरच्या कोनाड्यात पाकीट होतं, न फोडलेलं. पुढे एक काळवंडलेली पणती. दोन महिने रोज तिन्हीसांजेला ती तिथे दिवा लावत होती.

"तुजं मानूस व्हतं ना... नाव ठावं नाय म्हनून काय झालं?"

महिना संपायला चार दिवस होते. त्याच दुपारी कर्जतला जाऊन तार केली. जेवताना ते सांगितलं तेव्हा आबा ताटावरून उठले नाहीत.

पुढे लॅबमध्ये पहिल्या दिवशी प्रोफेसर धडधाकट समोर आले, हात पुढे केला... आणि मला गोठ्यातली पणती आठवली. त्यांच्यासाठी इतकं कुणी केलंय, हे त्यांना कसं सांगणार?

तिथून घरी टाकलेल्या प्रत्येक पत्राचे चारही कोपरे मी आधी तपासून बघायचो. आईला वाचता येत नव्हतं, पण कोपरे ती सगळ्यात आधी बघणार, हे मला ठाऊक होतं.