नाल्याच्या वरचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे — ते मलाही नीट कळत नाही. थकले आहे, एवढंच.

आदिलाबादच्या सरकारी प्रयोगशाळेत मी पाणी तपासायची. माहेर भीमपूरकडचं, पैनगंगेच्या काठचं. गावाच्या वरच्या अंगाला सरकीच्या तेलाचा कारखाना निघाला आणि त्याचं सांडपाणी नाल्यातून नदीत येऊ लागलं. तेल साफ करायला कॉस्टिक सोडा लागतो. नाल्यावर पांढरा फेस तरंगायचा, साबणासारखा उग्र वास यायचा. लोकांच्या अंगाला खाज सुटली, जनावरं दगावली. गावानं नदी सोडली. बाया लांबच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. तक्रार झाली आणि नमुना घ्यायला मलाच पाठवलं. गाव खूश — आपलीच पोरगी येऊन राह्यली.

ते दिवस जिल्हा फुटण्याचे. एका आदिलाबादचे चार जिल्हे होणार, कोण कुठे जाणार याची चर्चा रोज चालायची. माझं नाव नव्या, लांबच्या मंचेरियल जिल्ह्यासाठी घेतलं जात होतं. इथे शाळेतल्या मुली, अंथरुणाला खिळलेले सासरे... प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, आत्ता नवं लचांड नको, तुमच्या बदलीचं मी बघतो. खोटं करा, असं ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज होती का?

नदीवर वच्छलाकाकू सोबत आली. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. गावानं नदी सोडेपर्यंत धुणीभांडी तिथेच, त्यामुळे तिच्या बोटांची सालं निघालेली.

"पाहून घेजो बाई नीट," एवढं म्हणून ती सावलीत बसली.

मी काठाकाठानं चालत गेले. नाल्याचं तोंड आलं. फेस दिसला. मी — थांबले नाही. तशीच वर गेले, नाला नदीला मिळतो त्याच्याही वर. तिथलं स्वच्छ पाणी बाटलीत भरलं.

तपासणी मात्र नीट केली. एकही आकडा बदलला नाही. पाणीच तेवढं दुसरीकडचं होतं.

पाण्यात दोष नाही असं कळलं आणि गाव नदीवर परतलं. जे बिचकत होते त्यांची समजूत काकूनं काढली, आमची सुनंदा खोटं काऊन सांगीन म्हणून. माझी बदली टळली. उन्हाळ्यात नदी आटत गेली, फेस दाट होत गेला — आणि काकूच्या हातांच्या भेगा चिघळल्या. उजव्या हाताची बोटं कापावी लागली. इथेच, आदिलाबादच्या दवाखान्यात. डबा मी न्यायची, भरवायचीही मीच.

एका दुपारी घास गिळून ती म्हणाली, "सुनंदा, पानी खरंच चांगलं व्हतं का वं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"हो काकू," मी म्हणाले.

तिनं पट्टी बांधलेला हात उलटा करून पाहिला.

"मंग माह्यंच काई चुकलं असन," म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं. मी पुढचा घास भरवला.