वाकलेल्या हँडलची परीक्षा

बुऱ्हाणपुरातले आमचे मेकॅनिक ग्राहकाच्या आधी गाडीला नमस्कार करतात आणि ग्राहकाचे म्हणणे डोळे मिटून ऐकतात. वडिलांच्या जुन्या मोटरसायकलला शर्यतीच्या गाडीसारखे खाली वाकलेले हँडल बसवावे, ही माझी पन्नाशीतली हौस मी त्यांना भीत भीतच सांगितली.

"बसवू ना, सरजी. एकदम हीरो दिसाल."

त्यांनी हँडल तात्पुरते बसवले आणि म्हणाले, "आता निंबोल्याला माझ्या बहिणीकडून केळीचा एक घड घेऊन या. मग पक्कं करू."

नव्या थाटाची प्रत्येक गाडी ते अशीच पारखतात. त्यामुळे त्यांच्या घरी केळी कधी विकत आणावी लागत नाहीत.

मी परतलो तेव्हा त्यांनी आधी घड उतरवून घेतला.

"कसं वाटलं?"

"उत्तम," मी म्हणालो. खरे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. खाली उतरलो, पण पाठ काही सरळ होईना.

ते हसले नाहीत. जुने हँडल त्यांनी पुसून तयारच ठेवले होते.

"टाकीला काळा-सोनेरी रंग मारू, सरजी," ते गंभीरपणे म्हणाले. "रंगानं कंबर धरत नाही."

मी वाकलेल्या अवस्थेतच होकार दिला.