दोन काचपट्ट्या

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. चाळीस वर्षं एका घरात राहिलो, तरी तोंडातून निघालं नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही धड कळत नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि पाऊस नव्हता. तिथल्या एका खासगी दवाखान्यात मी रक्त-लघवी तपासायची. वय बावीस, नोकरी नवी. टँकरचं गढूळ पाणी फडक्यानं गाळून त्यातच काचपट्ट्या धुवायच्या. एकदा त्या पाण्यातला कचरा मी हिवतापाचे जंतू म्हणून लिहून दिला. डॉक्टरांनी तो कागद पेशंटांसमोर फाडला. "पुन्हा असं झालं तर मुखेडला परत जायचं," म्हणाले. मुखेड माझं माहेर. तेव्हापासून रिपोर्टात 'आढळलं' हा शब्द लिहायचीच धास्ती बसली.

मग उदगीरचे मन्मथअप्पा आले. किराणा दुकानदार, कपाळाला विभूती, साखरेचा जुना आजार. सोबत मुलगी, महानंदा. अप्पांचा उजवा गाल सुजला होता, नाकातून काळ्या खपल्या पडत होत्या.

"लई ठणकायलंय, बाई," अप्पा मला म्हणाले. "आन् गालाला हात लावलेला बी कळंना."

डॉक्टरांना वाटलं, साधा सायनस, धुळीचे दिवस आहेत. तरी त्यांनी नाकातलं थोडं खरवडून माझ्याकडे दिलं — बुरशी आहे का, बघायला.

मी ते काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशचा थेंब टाकला, बाकीचं विरघळून बुरशी तेवढी दिसावी म्हणून थांबले, मायक्रोस्कोपला डोळा लावला. रुंद धागे, त्यांना फांद्या फुटलेल्या. पुस्तकातल्या बुरशीच्या चित्रात होते तसेच. कापसाचे असतील? पाण्यातले? इथेच थांबले असते तर आज म्हणता आलं असतं ना — शंका होती म्हणून. पण मी दुसरी काचपट्टी घेतली. पुडक्यातली, कोरी, पाणी न लागलेली. तिच्यावरही तेच धागे.

म्हणजे मला कळलं होतं. कळलं होतं, आणि मी लिहिलं — बुरशी आढळली नाही.

डॉक्टरांच्या खोलीपर्यंत किती पावलं होती? बारा, फार तर पंधरा. "एकदा बघता का, साहेब," एवढंच म्हणायचं होतं. मी दोन्ही काचपट्ट्या धुऊन टाकल्या.

महानंदानं कागद वाचला. "न्हाई म्हणजे चांगलंच ना, ताई?"

"हो," मी म्हणाले.

आठ दिवसांनी ते परत आले. उजवा डोळा बाहेर आलेला, टाळूवर काळा डाग. डॉक्टरांनी अप्पांच्या तोंडात बॅटरीचा उजेड टाकून बघितलं. मग माझ्याकडे आले.

"ती स्लाइड आहे?"

"फुटली."

"नीट बघितली होतीस?"

"बघितली होती. काही नव्हतं."

दुसऱ्यांदा खोटं बोलताना आवाज कापला नाही माझा — त्याचीच जास्त भीती वाटते आता. त्याच दुपारी अप्पांना हैदराबादला हलवलं. तिथे डोळा काढला, जबड्याचं सडलेलं हाड काढलं, शिरेतून औषध चालू केलं. महिन्याभरात ते गेले. वेळेवर कळलं असतं तर वाचले असते का? सांगता येत नाही. लवकर कळलं तर काहीजण वाचतात, हे मी पुढे वाचलं.

डॉक्टर स्वतःलाच दोष देत राहिले. नाकाचा पेशंट आला की म्हणायचे, "अप्पांचं मला ओळखता आलं नाही." मी शेजारी उभी राहून ऐकायची. पुढे तेही वारले.

अप्पा गेल्यावर महानंदा एकदा त्यांचे दवाखान्यातले कागद न्यायला आली होती. माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही तर नीट बघितलं होतं, ताई. आमचंच नशीब." मी हात सोडवून घेतला नाही. तिला चहा करून दिला.

तिचा पत्ता रजिस्टरात होता. तो मी लिहून घेतला. पत्र कधी टाकलं नाही.