दीड रेडा

माझ्या सासऱ्यांना मी पहिल्यांदा हुशार वाटलो आणि शेवटचा हुशार वाटलो, या दोन घटनांमध्ये जेमतेम एका जेवणाचं अंतर आहे.

मी गोंदियाला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, राहतो कुडव्याला. सासुरवाडी गोरेगावकडची, धानवाल्यांची. सासऱ्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या तलाव आणि बोड्या, म्हणजे धानाच्या पाण्याची छोटी तळी, बांधायचं वेड. मातीच्या बांधाची पाळ कुठे फुगली, पाणी कुठून झिरपतं, हे त्यांना चालताना तळपायाला कळतं. मला ते सगळं कॉम्प्युटरात भरायचं होतं. पद्धत सोपी: नवी अडचण आली की तिच्यासारखी जुनी अडचण शोधायची, तेव्हा केलेला उपाय उचलायचा, आणि नव्या मापाने थोडा वाकवून घ्यायचा. उन्हाळाभर मी मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, खाटेशेजारी बसून शंभरेक जुनी प्रकरणं टिपली. काय बिघडलं, काय केलं, काय झालं. मामाजी सांगायचे, मी टाइप करायचो, आणि बायको आतून म्हणायची, "बाबा, त्यांना चहा देऊ का, की अजून भुलवून राहिले तुम्हाला?"

मग दिवाळीच्या आधी बोडीची पाळ गळायला लागली.

पाऊस निघून गेला होता. मामाजींचा भारी धान, म्हणजे उशिरा येणारा, नेमका पोटरीत, कणीस बाहेर पडायच्या बेतात होता. त्याला एक पाणी हवं होतं, फक्त एक, आणि ते सगळं त्या बोडीत होतं. खेकड्यांनी पोखरलेल्या पाळीतून ते करंगळीएवढ्या धारेने नाल्याला चाललं होतं. पाणी गेलं तर कणसात दाणा नाही, नुसता कोंडा.

मी फटफटीवर लॅपटॉप बांधून पोचलो. अंगणात सगळ्यांसमोर गळतीची मापं कॉम्प्युटरात भरली. कॉम्प्युटरने क्षणात जुनं प्रकरण काढलं: हीच बोडी, हीच पाळ, गळती दुप्पट. उपाय: पाण्याच्या बाजूने रुंद चर खणून चार ट्रॉली चिकणमाती, तणस, म्हणजे धानाचा पेंढा, कालवून, वरून तीन रेडे फिरवणे. परिणाम: गळती बंद.

"अरे वा!" मामाजी म्हणाले. "हे तर खरंच आहे न बापा!"

हाच तो पहिला क्षण.

आता गळती निम्मी, म्हणून कॉम्प्युटरने सगळं निम्मं केलं. माती दोन ट्रॉली. तणस निम्मा. रेडे दीड.

साळा पोट धरून हसला. "जीजाजी, अर्धा रेडा पुढचा आणू का मागचा?"

मी मुळीच डगमगलो नाही. तसंही आता गावात रेडे उरलेत कुठे? नांगरणीच्या जुन्या प्रकरणांत रेड्यांच्या जागी ट्रॅक्टर मस्त चालला होता, म्हणून तोच नियम मी इथे लावला. दीड रेड्यांऐवजी एक ट्रॅक्टर. मला तर यात काटकसर दिसत होती.

जेवण झाल्यावर साळ्याने चर खणवला, माती भरली, पाणी शिंपडलं आणि माझ्या इशाऱ्यावर ट्रॅक्टर घातला. दोन फेऱ्या झाल्या. वरचा थर पाटीसारखा गुळगुळीत झाला. मी फोटो काढला. तिसऱ्या फेरीला मागचं चाक खचलं, पाळीचा कडेचा तुकडा खाली बसला, आणि करंगळीची धार मनगटाएवढी झाली.

मामाजी पाळीखाली उतरले, धारेत हात धरून उभे राहिले. मग वर बघून म्हणाले, "जवाईबापू, रेडा कायले होता?"

"माती दाबायला?"

"दाबाले दगड नसता का ठेवला? रेडा कायले?"

माझ्याकडे शंभर प्रकरणं होती. काय केलं ते सगळं होतं, काऊन, म्हणजे का केलं, ते एकातही नव्हतं.

"अजी, रेड्याचा खूर लहान," मामाजी म्हणाले. "माती खोल जाते, तणस आत शिरते, खूर निघते, पुन्हा दुसरीकडे पडते. मळून निघते माती, कणकीवानी. तुमचा ट्रॅक्टर तर वरून लाटून राहिला!"

मग ते साळ्याला म्हणाले, "दंडारवाल्यांले बोलाव. म्हणा, आज तालीम पाळीवर."

दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते, तिच्यात गावची दंडार, म्हणजे नाचनाट्याची मंडळी, नाचते, आणि तिची तालीम तेव्हा रोज संध्याकाळी देवळापुढे चालू होती. चौदा गडी आले, वर एक ढोलकीवाला. साळ्याने ट्रॅक्टर ओढून काढला, धारेच्या तोंडाशी तणसाचे भारे कोंबले, चरात ताजी माती टाकली. गडी धोतरं खोचून उतरले. ढोलकी वाजली आणि अठ्ठावीस पाय चिखलात धपाधप पडायला लागले. वजन हलकं, पाय लहान, आणि ढोलकी थांबल्याशिवाय कोणी थांबत नाही. इतका सोयीचा रेडा जगात नसेल.

मी वर उभा राहून मोबाईलमध्ये टिपत होतो.

"जवाईबापू, उतरा न!" ढोलकीवाला ओरडला. "तुमच्याच पायगुणानं आलो आम्ही इथं!"

उतरलो. गुडघ्यापर्यंत रुतलो. शेजारचा गडी, जो मंडईत राणी होणार होता, मला खांद्याने ढोसून म्हणाला, "पाय आपटा, पाय! तुमी तर माती कुरवाळून राहिले!"

दिवस मावळेपर्यंत धार थांबली. पाळीच्या बाहेरची बाजू नुसती ओलसर राहिली. बोडी निम्मी रिकामी झाली होती.

माती बसायला तीन दिवस द्यायचे होते. त्या तीन दिवसांत मी प्रत्येक प्रकरणात एक नवा रकाना घातला, "कशासाठी?", आणि मामाजींना पुन्हा पहिल्यापासून विचारत बसलो. बऱ्याच ठिकाणी ते फडाफड बोलले. एकदा मात्र विडी पेटवून म्हणाले, "हे आमचा बाप करे म्हणून केलं. काऊन करे, ते न सांगताच मरून गेला." तिथे मी तसंच लिहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी बोडीचं तोंड उघडलं. पाणी बांधीतून बांधीत, एका खाचरातून दुसऱ्यात, उतरत गेलं, आणि शेवटच्या बांधीशी आम्ही दोघं उभे. निम्म्या बोडीचं पाणी तिथवर पोचेल की नाही, हे कॉम्प्युटरला कोणी विचारलं नाही. मीही नाही. बराच वेळ बांधी कोरडीच होती. मग धानाच्या बुडाशी काहीतरी चमकलं, भेगांमध्ये शिरलं, बुडबुडे आले.

मामाजींनी वाकून बोटं पाण्यात आडवी धरली.

"दोन बोटं," ते म्हणाले. "भागलं."

आणि बोडीचं तोंड बंद करायला पाळीकडे निघाले, मी मागोमाग.